पाककृतीतला ट्रान्झिस्टर

विद्यार्थ्यांसाठीच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या प्रकल्प-पुस्तिकांत एक परिपथ वर्षानुवर्षे चालत आलेला आहे. दोन ट्रान्झिस्टर, डझनभर रोधक, सात-आठ कपॅसिटर, आणि झाला ध्वनिमुद्रिकेसाठीचा प्रीअ‍ॅम्प्लिफायर, म्हणजे पूर्ववर्धक. कॅसेट आणि सीडीच्या जमान्यात तो मागे पडला होता. आता तबकड्या पुन्हा छापल्या जाऊ लागल्या आहेत, माळ्यावरचे रेकॉर्ड प्लेअर खाली उतरत आहेत, आणि त्यांच्याबरोबर हा परिपथही विज्ञान प्रदर्शनांच्या टेबलांवर परतला आहे. ही आनंदाची गोष्ट आहे.

परंतु परिपथाबरोबर त्याच्या जुन्या सूचनाही जशाच्या तशा परतल्या आहेत. त्यांतल्या तीन सूचना बहुतेक ठिकाणी आढळतात. पहिली: कमी खरखरीचा, अमुक क्रमांकाचाच ट्रान्झिस्टर वापरावा. दुसरी: डाव्या आणि उजव्या वाहिनीसाठी ट्रान्झिस्टर जुळवून घ्यावेत. तिसरी: सोल्डर करताना ट्रान्झिस्टर तापू देऊ नये. या तिन्हींची परीक्षा करावी, एवढाच या लेखाचा हेतू आहे. यांपैकी एकही सूचना खोटी नाही. दोष आहे तो असा की, प्रत्येक सूचनेमागचे कारण वाटेत कुठेतरी गळून पडले आहे आणि नुसती सूचना उरली आहे. कारण गळलेली सूचना कधी निरुपयोगी ठरते, तर कधी चक्क उलटा परिणाम करते.

परिपथाचे काम

आधी या परिपथाकडून आपली अपेक्षा काय, ते पाहू. तबकडीच्या खाचेतून फिरणाऱ्या सुईमागे चुंबक आणि तारेचे वेटोळे असते. या घटकाला कार्ट्रिज म्हणतात. त्यातून मिळणारा विद्युतदाब मध्यम पट्टीत जेमतेम ३ ते ५ मिलिव्होल्ट असतो. तो सुमारे शंभरपट वाढवायचा, हे पहिले काम. दुसरे काम अधिक नाजूक आहे. तबकडी कोरताना खर्जाचे स्वर मुद्दाम दाबलेले असतात, नाहीतर खाच इतकी नागमोडी होईल की तबकडीवर जागा पुरणार नाही. वरचे स्वर मुद्दाम वाढवलेले असतात, म्हणजे तबकडीच्या पृष्ठभागाची खरखर त्यांच्यापुढे फिकी पडते. वाजवताना हे सगळे उलटे करावे लागते. १९५४ मध्ये अमेरिकेतील ध्वनिमुद्रण उद्योगाच्या संघटनेने यासाठी जो वक्र ठरवला, तो तिच्या आद्याक्षरांवरून आरआयएए वक्र म्हणून ओळखला जातो. या वक्रानुसार २० हर्ट्झच्या स्वराचे वर्धन १००० हर्ट्झच्या मानाने सुमारे १९.३ डेसिबलने जास्त, तर २०,००० हर्ट्झच्या स्वराचे सुमारे १९.६ डेसिबलने कमी ठेवावे लागते. म्हणजे या दोन टोकांच्या वर्धनात जवळजवळ ८८ पटींचा फरक आहे.

दोन ट्रान्झिस्टरांचा परिपथ हे सारे कमीत कमी सामानात करतो. पहिला ट्रान्झिस्टर संकेत वाढवून दुसऱ्याला देतो, दुसरा तो आणखी वाढवतो, आणि दुसऱ्याच्या कलेक्टरकडून संकेताचा काही भाग कपॅसिटर-रोधकांच्या जाळीतून पहिल्याच्या एमिटरकडे परत येतो. या परतफेडीला ऋण प्रतिपोषण म्हणतात. आरआयएए वक्र उमटतो तो याच जाळीतून. रचना खरोखर सुबक आहे. १९७२ मध्ये ‘वायरलेस वर्ल्ड’ या ब्रिटिश मासिकात एच. पी. वॉकर यांनी पूर्ववर्धकांतील खरखरीची चिकित्सा केली. त्यांनी दाखवून दिले की प्रतिपोषण अशा रीतीने एमिटरकडे दिले, तर ते कार्ट्रिजच्या मार्गात मोठा रोधक घालून देण्यापेक्षा कितीतरी शांत ठरते. परिपथाचे हे गुण मान्य करूनच पुढे जाऊ.

क्रमांकाची पूजा

पहिली सूचना ट्रान्झिस्टरच्या निवडीची. जुन्या पुस्तिकांत धातूच्या टोपीचा बीसी १०९ सांगितलेला असतो, नव्या पुस्तिकांत प्लास्टिकचा बीसी ५४९ सी. विद्यार्थी मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तपकीर गल्लीत जाऊन तोच क्रमांक मागतो. तो मिळाला नाही तर हिरमुसतो, आणि मिळाला तर काम फत्ते झाले असे समजतो.

या क्रमांकांत तथ्य आहे का? आहे. उत्पादकांच्या माहितीपत्रकात बीसी ५४७ आणि ५४८ यांचा खरखर-अंक जास्तीत जास्त १० डेसिबल दिलेला असतो, तर ५४९ चा जास्तीत जास्त ४ डेसिबल. शेवटच्या अक्षराने वर्धनांक, म्हणजे बीटा, कळतो. ए गटाचा साधारण ११० ते २२०, बी गटाचा २०० ते ४५०, सी गटाचा ४२० ते ८००. पण त्याच माहितीपत्रकात त्या ४ डेसिबलच्या शेजारी बारीक अक्षरांत एक अट असते. हा आकडा २०० मायक्रोअँपिअर कलेक्टर-प्रवाहाला आणि २ किलोओहम रोधाच्या स्रोताला मोजलेला असतो. अट गाळून आकडा सांगणे म्हणजे समुद्रसपाटीचा उल्लेख न करता डोंगराची उंची सांगण्यासारखे आहे.

आपला स्रोत २ किलोओहमचा आहे काय? कार्ट्रिजच्या वेटोळ्याचा साधा रोध सुमारे १ किलोओहम असतो, पण वेटोळ्याला प्रवर्तकताही असते, साधारण अर्धा हेन्री. कंप्रता वाढली की तिचा अडथळा वाढतो. १०,००० हर्ट्झला तो २ × ३.१४ × १०,००० × ०.५, म्हणजे ३१ किलोओहमच्या वर जातो. कार्ट्रिजला समांतर जोडायचा ४७ किलोओहमचा ठरीव रोधक हिशेबात धरला, तर ट्रान्झिस्टरला दिसणारा एकत्रित अडथळा सुमारे २६ किलोओहम येतो. खर्जात १, वरच्या पट्टीत २६: असा हा रंग बदलणारा स्रोत आहे. ट्रान्झिस्टरची निवड या स्रोताला विचारून करायला हवी.

ट्रान्झिस्टरची खरखर दोन प्रकारची असते. एक दाबाच्या रूपात. कलेक्टर-प्रवाह वाढवला की ती कमी होते. दुसरी बेसमधल्या प्रवाहाच्या रूपात. कलेक्टर-प्रवाह वाढवला की ती वाढते, आणि स्रोताच्या अडथळ्यातून वाहताना त्या अडथळ्याच्या पटीत दाब निर्माण करते. अडथळा लहान असेल तर पहिली खरखर त्रास देते, मोठा असेल तर दुसरी.

आता थोडे आकडे. खरखर ही कंप्रतापट्ट्याच्या रुंदीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. म्हणून ती एक हर्ट्झ रुंदीच्या पट्ट्यापुरती सांगण्याची पद्धत आहे, आणि पुढचे सर्व आकडे तसेच आहेत. दोन स्वतंत्र खरखरींची बेरीज सरळ होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढावे लागते, म्हणजे काटकोन त्रिकोणाचा कर्ण काढतो तसे. पायथागोरसचा सिद्धान्त वर्गात शिकवताना हे उदाहरण जरूर द्यावे.

१०,००० हर्ट्झला कार्ट्रिज आणि ४७ किलोओहम रोधक यांची स्वतःची औष्णिक खरखर सुमारे १५.५ नॅनोव्होल्ट असते. ती कोणत्याही ट्रान्झिस्टरने टळत नाही. बीटा ४०० चा ट्रान्झिस्टर १ मिलिअँपिअर प्रवाहावर चालवला, तर बेस-प्रवाहाची खरखर त्या अडथळ्यावर सुमारे २३ नॅनोव्होल्ट दाब निर्माण करते. तोच ट्रान्झिस्टर ०.१ मिलिअँपिअरवर चालवला, तर फक्त ७.४ नॅनोव्होल्ट. कर्ण काढल्यास पहिल्या स्थितीत एकूण २८, दुसऱ्या स्थितीत १७. हा फरक ४ डेसिबलचा आहे, आणि ट्रान्झिस्टर एकच आहे! उलट प्रवाह ०.१ मिलिअँपिअरच ठेवून बीटा ४०० ऐवजी २०० चा, म्हणजे कमी प्रतीचा, ट्रान्झिस्टर घातला, तर बिघाड पाऊण डेसिबलही होत नाही. आरआयएए वक्र वरचे स्वर नंतर खाली आणतो. त्यामुळे एकूण खरखरीत या फरकाचा वाटा घटतो हे खरे, पण दोन पर्यायांतली तुलना बदलत नाही.

म्हणजे मोलाची गोष्ट क्रमांक नसून प्रवाह आहे. आणि प्रवाह ठरवतो कोण? पहिल्या ट्रान्झिस्टरच्या कलेक्टरला जोडलेला साधा रोधक. पुरवठा २४ व्होल्ट असेल, कलेक्टर २ व्होल्टवर असेल, आणि रोधक २२० किलोओहमचा असेल, तर ओहमच्या नियमाने प्रवाह ०.१ मिलिअँपिअर येतो. दुकानात २२० मिळाला नाही म्हणून विद्यार्थ्याने २२ किलोओहमचा घातला, तर तो १ मिलिअँपिअर होतो. परिपथ तरीही चालतो, गाणेही ऐकू येते, फक्त खरखर वाढते. मग दोष कोणाला दिला जातो? ‘ट्रान्झिस्टर नकली निघाला.’ ज्या पुस्तिकेने ट्रान्झिस्टरचा क्रमांक ठळक छापला आणि या रोधकाविषयी अवाक्षर काढले नाही, तिनेच हा निष्कर्ष विद्यार्थ्याच्या तोंडी घातला आहे.

मोठी खरखर कोणाची?

आता खालच्या आणि मध्यम पट्टीकडे पाहू. इथे स्रोत १ किलोओहमचा धरता येतो आणि त्याची औष्णिक खरखर सुमारे ४ नॅनोव्होल्ट असते. ट्रान्झिस्टरची दाबाची खरखर, त्याच्या बेसमधला अंतर्गत रोध १५० ओहम धरला तर, सुमारे २.२ नॅनोव्होल्ट. पण अशा परिपथांत पहिल्याच्या एमिटरपासून जमिनीकडे जाणारा एक रोधक असतो, आणि तो कित्येक आराखड्यांत १ किलोओहमचा दिलेला असतो. हा रोधक संकेताच्या मार्गातच बसलेला असल्यामुळे त्याचीही ४ नॅनोव्होल्ट खरखर त्यात मिसळते. तिघांचा कर्ण काढला तर ६.२ येतो.

आता दोन उपाय करून पाहा. पहिला उपाय: ट्रान्झिस्टरच्या जागी मुळीच खरखर नसलेला काल्पनिक, आदर्श ट्रान्झिस्टर घाला. एकूण ५.८ येईल. फायदा ०.६ डेसिबल. दुसरा उपाय: ट्रान्झिस्टर तोच ठेवा आणि एमिटरचा रोधक १ किलोओहमऐवजी २२० ओहमचा करा. एकूण ५ येईल. फायदा १.८ डेसिबल. म्हणजे जगातला कोणताही ट्रान्झिस्टर विकत आणून जे साधणार नाही, त्याच्या तिप्पट काम एक साधा रोधक करतो.

अर्थात हा दुसरा उपाय फुकट नाही. एमिटरचा रोधक लहान केला की प्रतिपोषणाची सगळी जाळी त्याच प्रमाणात लहान करावी लागते, नाहीतर वर्धन बदलेल. ती जाळी २०,००० हर्ट्झला सुमारे २.३ किलोओहम इतकी उतरते, आणि तेवढा भार पेलण्यासाठी दुसऱ्या ट्रान्झिस्टरचा प्रवाह वाढवावा लागतो. परिपथाची रचना म्हणजे अशी देवघेव असते. ती विद्यार्थ्याला दिसली, तर त्याला अभियांत्रिकी म्हणजे काय याची चव कळते. क्रमांकाची पूजा करणारी सूचना हीच देवघेव झाकून टाकते.

जोडी जुळवण्याचा आग्रह

दुसरी सूचना जुळवणीची. मल्टिमीटरवर बीटा मोजून चाळीसपन्नास ट्रान्झिस्टरांतून सारखे दोन-दोन निवडावेत, असे सांगतात. डाव्या-उजव्या वाहिन्या सारख्या वाजाव्यात, हा हेतू योग्यच आहे. पण चांगल्या परिपथाचे लक्षण असे की, ट्रान्झिस्टरचा बीटा बदलला तरी परिपथाचे वर्धन बदलत नाही. ऋण प्रतिपोषण वापरायचे ते त्याचसाठी. प्रतिपोषण पुरेसे असेल, तर वर्धन रोधक आणि कपॅसिटर ठरवतात.

मग जुळवणीची गरज का भासते? कारण आपल्या परिपथात प्रतिपोषणाला पुरेसे भांडवलच नाही. १००० हर्ट्झला शंभरपट वर्धन हवे असेल, तर २० हर्ट्झला ९२० पट हवे. दोन ट्रान्झिस्टरांचे प्रतिपोषणाशिवायचे वर्धन १०,००० असेल, तर प्रत्यक्षात ९२० ऐवजी ८४२ मिळते. दुसऱ्या वाहिनीत ते ५,००० च असेल, तर ७७७ मिळते. दोन्ही वाहिन्यांचा खर्ज उणा पडला, शिवाय त्यांच्यात ०.७ डेसिबलचा फरकही पडला. जुळवणीने हा आपसातला फरक जातो, पण दोन्हीकडची उणीव कायम राहते. भिंत दोन्ही बाजूंनी सारखीच कलली म्हणून घर सरळ होत नाही. खरा उपाय तिसरा ट्रान्झिस्टर जोडून मूळ वर्धन वाढवणे हा आहे. ते एका वाहिनीत एक लाख आणि दुसरीत पन्नास हजार असले, तरी २० हर्ट्झला दोहोंत ०.१ डेसिबलचाही फरक उरत नाही.

याच पुस्तिका कपॅसिटरांच्या बाबतीत मात्र उदार असतात. १० टक्के इकडेतिकडे असलेला कोणताही कपॅसिटर त्यांना चालतो. वक्राचा वरचा भाग ठरवणारा कपॅसिटर १० टक्क्यांनी चुकला, तर वरच्या स्वरांत सुमारे ०.८ डेसिबलचा फरक पडतो. तोही २० हर्ट्झसारख्या क्वचित ऐकू येणाऱ्या टोकाला नव्हे, तर सतार-व्हायोलिनची झळाळी जिथे असते त्या पट्टीत. तेव्हा मल्टिमीटर घेऊन जुळवायचेच असेल, तर कपॅसिटर जुळवावेत. ट्रान्झिस्टरांची जुळवणी खरोखर लागते ती दोन ट्रान्झिस्टर एकमेकांविरुद्ध तराजूसारखे बसवलेले असतात अशा परिपथात. तिथेही ते एकमेकांना चिकटवून एका तापमानात ठेवावे लागतात, कारण एका अंशाला बेस-एमिटर दाब सुमारे २ मिलिव्होल्टने सरकतो.

पायांचा गोंधळ

बदली ट्रान्झिस्टर वापरताना एक धोका मात्र खरा आहे, आणि तो पुस्तिकांत क्वचितच सांगितलेला असतो. प्लास्टिकच्या बीसी ५४९ ची सपाट बाजू आपल्याकडे आणि पाय खाली धरले, तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर असा क्रम येतो. अमेरिकन २एन ३९०४ मध्ये तो एमिटर, बेस, कलेक्टर असतो. जपानी २एससी १८१५ मध्ये एमिटर, कलेक्टर, बेस. तिघेही दिसायला अगदी सारखे.

बीसी ५४९ च्या जागी २एन ३९०४ तसाच बसवला, तर कलेक्टर आणि एमिटर यांची अदलाबदल होते. गंमत अशी की अशा उलट्या ट्रान्झिस्टरनेही थोडेफार वर्धन होते. आवाज येतो, पण क्षीण आणि बिघडलेला. विद्यार्थी म्हणतो, ‘हा क्रमांक चालत नाही.’ वास्तविक क्रमांक चालला असता, पाय चुकले होते.

बेस-एमिटर सांध्यावर उलटा दाब पडू देणे हेही असेच फसवे असते. माहितीपत्रकात त्याची मर्यादा ५ ते ६ व्होल्ट दिलेली असते. ९ व्होल्टची बॅटरी उलटी लावून हा सांधा मोडू दिला, तर ट्रान्झिस्टर मरत नाही, पण लहान प्रवाहावरचा त्याचा बीटा घटतो आणि खरखर कायमची वाढते. तपासणीत तो ‘चांगला’ ठरतो, आणि तरीही पूर्ववर्धकाच्या पहिल्या जागी निकामी असतो. निवडीविषयी एकच सूचना द्यायची असेल, तर मी हीच देईन.

उष्णतेची भीती

तिसरी सूचना सोल्डरिंगची. ट्रान्झिस्टरचा पाय पक्कडीत धरा म्हणजे उष्णता पक्कड शोषून घेईल, कावीळ झालेल्याला जपावे तसे त्याला जपा, इस्त्रीसारखी कावी नुसती टेकवून उचला, अशा थाटात ती दिलेली असते. तिचा उगम १९५० च्या दशकात आहे. त्या काळचे ट्रान्झिस्टर जर्मेनियमचे होते. त्यांचा सांधा ७५ ते ९० अंश सेल्सिअसच्या पुढे नेणे धोक्याचे असे. तेव्हा पक्कड आवश्यकच होती.

आजचे ट्रान्झिस्टर सिलिकॉनचे आहेत. त्यांच्या सांध्याची चालू स्थितीतली मर्यादा साधारण १५० अंश असते, आणि सोल्डरिंगपुरते त्यांचे पाय २६० अंशांना १० सेकंद सहन करतील, असे अनेक माहितीपत्रकांत लिहिलेले असते. कारखान्यात तर सगळी पट्टी सुमारे २५० अंशांच्या वितळलेल्या सोल्डरच्या लाटेवरून नेतात. तिथे कोणी पक्कड धरत नाही.

तरीही काळजी घेतली तर बिघडले काय, असे कोणी म्हणेल. बिघडते ते असे. ६० टक्के कथील आणि ४० टक्के शिसे असलेली सोल्डरची तार १८३ अंशांना वितळू लागते, आणि १९० च्या आसपास पूर्ण वितळते. शिसेविरहित सोल्डरला सुमारे २१७ अंश लागतात. डाख पक्का बसायला तार वितळणे पुरत नाही. ट्रान्झिस्टरचा पाय आणि पट्टीवरचे तांबे दोन्ही तेवढे तापले पाहिजेत, तरच सोल्डर त्यांना ओले करते आणि धातूशी एकजीव होते. घाबरलेला विद्यार्थी कावीच्या टोकावर सोल्डरचा थेंब घेतो, तो पायाला पुसतो आणि हात मागे घेतो. थेंब थंड पायावर गोळीसारखा बसतो. कारागीर अशा कच्च्या डाखाला ‘ड्राय’ म्हणतात. तो आज चालतो, उद्या तडतडतो, परवा बंद पडतो. ४ मिलिव्होल्टच्या संकेतात असा एक डाख असेल, तर ट्रान्झिस्टरच्या नॅनोव्होल्टची चर्चाच व्यर्थ आहे. ट्रान्झिस्टरला वाचवण्यासाठी दिलेल्या सूचनेने परिपथ मारला, तो असा.

योग्य रीत सोपी आहे. पाय आणि तांबे आधी घासून चकचकीत करावेत. २५ वॉटची कावी, ओल्या स्पंजावर पुसलेले टोक. टोक एकाच वेळी पायाला आणि तांब्याला टेकवावे, एक सेकंद थांबावे, मग तार कावीला न लावता सांध्याला लावावी. सोल्डर आपोआप पसरून पायाच्या कडेने चढले की तार काढावी, मग कावी काढावी. सगळे मिळून दोन-तीन सेकंद. गार होईपर्यंत हलवू नये. शिशाच्या सोल्डरचा डाख चकचकीत आणि कडेने आत वळलेला दिसला तर उत्तम. तारेच्या पोटात राळ असते, तेवढी पुरते. पत्र्याच्या कामाची आम्लयुक्त पेस्ट वापरू नये, ती तांबे खात राहते. खरी काळजी मुलांची घ्यावी: खोली हवेशीर असावी, कारण राळेच्या धुराने दमा होऊ शकतो. शिशाची तार हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय डबा उघडू देऊ नये. ट्रान्झिस्टरला जपणाऱ्या किती पुस्तिकांत ही दोन वाक्ये असतात?

पाककृती नकोच काय?

या टीकेवर एक आक्षेप येईल. नववीच्या मुलाला खरखरीचे गणित कुठे झेपते? त्याला गाणे ऐकू आले की झाले. पहिल्यांदा आपल्या हाताने जोडलेल्या यंत्रातून सूर उमटतो तेव्हाचा आनंद खरा असतो, आणि पाककृतीवाचून तो मिळणार नाही. हे मला मान्य आहे. पण नुसते गाणेच ऐकायचे असेल, तर ट्रान्झिस्टर लागतातच कशाला? एनई ५५३२ किंवा ५५३४ यांसारखी एखादी आयसी कमी कष्टात, अधिक अचूक वक्र देते. आज दोन-तीन ट्रान्झिस्टरांचा पूर्ववर्धक शाळेत बनवण्याचे एकच समर्थन आहे: त्याच्या पोटात काय चालते ते दिसते. ते दाखवायचेच नसेल, तर हा खटाटोप व्यर्थ आहे.

आणि दाखवायला फार काही लागत नाही. पूर्ववर्धकाच्या तोंडाशी कार्ट्रिजऐवजी प्रथम नुसती तार जोडून, मग १ किलोओहमचा रोधक जोडून, मग काहीच न जोडता मुलांना खरखर ऐकू द्यावी. शेवटच्या स्थितीत ४७ किलोओहमचा रोधक एकटाच स्रोत होतो, आणि खरखर स्पष्ट वाढते. कलेक्टरचा रोधक २२० किलोओहमऐवजी २२ केला की ती आणखी वाढते. संगणकावर ‘ऑडॅसिटी’सारख्या मोफत प्रणालीने हे ध्वनिमुद्रित करून पातळ्यांची तुलना करता येते. एकाच पाकिटातले दहा ट्रान्झिस्टर घ्यावेत, प्रत्येकाचा बीटा मोजावा, मग एकेक सॉकेटमध्ये बसवून १००० हर्ट्झचे वर्धन मोजावे. बीटा दुपटीने बदलेल, वर्धन जवळपास जागचे हलणार नाही. प्रतिपोषणावरचे तासभर व्याख्यान जे सांगणार नाही, ते हा तक्ता सांगतो.

समतोलासाठी हेही सांगायला हवे, की चांगल्या तबकडीच्या पृष्ठभागाची खरखरसुद्धा या सगळ्या नॅनोव्होल्टांपेक्षा मोठी असते. एक-दोन डेसिबलने कोणाचे गाणे बिघडणार नाही. बिघडते ते वेगळेच. परिपथ नीट वाजला नाही की कारणे शोधण्याऐवजी ‘माल खराब होता’ असे म्हणण्याची सवय लागते, आणि नीट वाजला की क्रमांक लाभला असे वाटते. दोन्ही वेळा विद्यार्थी यशापयशाचे धनीपण वस्तूकडे देतो आणि स्वतः प्रश्न विचारायचे थांबतो. प्रयोगशाळेत पुढे येणाऱ्या अनेक तरुणांत हीच सवय मला दिसते. उपकरणाचे नाव त्यांना पाठ असते, पण ते उपकरण या मोजमापाला का, असे विचारले की ते गप्प होतात.

म्हणून पुस्तिका लिहिणाऱ्यांना आणि प्रदर्शनात परीक्षक म्हणून बसणाऱ्या शिक्षकांना एक विनंती आहे. प्रत्येक प्रकल्पात, निदान महत्त्वाच्या भागांपुरते, तीन प्रश्न असावेत: हाच भाग का? हा न मिळाल्यास काय पाहून दुसरा घ्यायचा? आणि तो नीट बसला हे मोजून कसे कळेल? ‘बीसी ५४९ सी, कारण बीटा मोठा असून प्रवाह ०.१ मिलिअँपिअरच ठेवायचा आहे. न मिळाल्यास बीटा २०० च्या वरचा कोणताही लहान सिलिकॉन एनपीएन ट्रान्झिस्टर, पाय तपासून. कलेक्टरच्या रोधकावर सुमारे २२ व्होल्ट मिळाले म्हणजे ठीक.’ एवढीच एक ओळ. छापायला ती जड नाही, आणि नववीच्या मुलाला समजायलाही नाही.